वेबसाइटच्या पत्त्यासाठी डॉट को डॉट इन (.co.in) न घेता थेट डॉट इनवर (.in) नाव मिळावं का?

हो, मिळावंच. पण आधीच्या नावधारकाला पहिला हक्क देऊन.

भारतात 2005 पासून कुणालाही थेट डॉट इनवर नाव घेता येतं. त्याआधी डॉट को डॉट इनसारख्या खालच्या पायरीवरच घ्यावं लागायचं. आखूड नाव फोनवर सांगायला, पाटीवर रंगवायला सोपं. प्रश्न जुन्या लोकांचा आहे.

आमच्या मामांचा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांची साइट डॉट को डॉट इनवर, आणि प्रत्येक टॉवेलच्या पुठ्ठ्यावर तोच पत्ता छापलेला. गिऱ्हाईक मात्र मधला 'को' गाळून टाइप करतं. ते आखूड नाव तिसऱ्याच कुणीतरी घेऊन ठेवलंय, तिथे नुसत्या जाहिराती दिसतात. परगावचा व्यापारी मामांना फोन करून विचारतो, "धंदा बंद केला का हो?" सोलापुरी चादरीच्या नावावर भलताच माल खपतो, त्यातलाच हा प्रकार, फार जिव्हारी लागतो.

ब्रिटनने 2014 मध्ये थेट डॉट यूके सुरू केलं, तेव्हा डॉट को डॉट यूकेवाल्यांसाठी तेच आखूड नाव 5 वर्षं राखून ठेवलं. ऑस्ट्रेलियाने 2022 मध्ये जुन्यांना सहाच महिने दिले. मला ब्रिटनची मुदत रास्त वाटते. छोट्या कारखानदाराला अशी बातमी कळायलाच वर्ष जातं.

तुमचं नाव अजून मोकळं असेल तर आजच दोन्ही घेऊन टाका.