रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग ही उठत का नाही?

कॅन्सरचे उपचार संपलेल्या पेशंटच्या घरून येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते, सांगणारा तेवढा बदलतो. नवरा म्हणतो, "दिवसभर पडून असते." मुलगी म्हणते, "आईचं कशातच मन लागत नाही." पेशंट म्हणतो, "रात्री झोप नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत." किमो झाली, शेक (रेडिएशन) झाला, डॉक्टरांनी 'आता तीन महिन्यांनी दाखवायला या' म्हटलं, देवाला नारळ फोडून झाला. मग हा थकवा कुठला? आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, जो घरात कुणी उघड विचारत नाही: परत उलटला तर नाही ना?

शोभाताईंचा अनुभव त्यासाठी सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तासगाव भागातलं द्राक्षबागायतदारांचं घर. वय ५१. डाव्या स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढलेल्या. नंतर आठ किमो, तीन आठवडे रेडिएशन. शेवटचा शेक होऊन सात महिने झाले होते. आता रोज लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी) एक गोळी, ती पाच वर्षं घ्यायची. फॉलोअपची फाइल चोख, सगळे रिपोर्ट चांगले.

बोलायला सुरुवात त्यांच्या मालकांनी केली. "मॅडम, आम्ही हिला इकडची काडी तिकडं करू देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा सून हातात आणून देते. तरी हिच्या अंगात कण नाही. अजून किती आराम द्यायचा?"

अर्धं दुखणं या वाक्यातच होतं. पण थकवा म्हटला की समुपदेशकानं आधी मनाचं दार ठोठावू नये, असं माझं मत आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, साखर वाढली असेल, तर माझ्या गप्पांनी काही होणार नाही. म्हणून मी त्यांना आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, बाकी ठीक. त्यांच्या किमोमध्ये लाल रंगाचं एक औषध होतं, त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही पाहून घेतली. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असं लिहून दिलं, आणि मग आम्ही कामाला लागलो.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना आदल्या दिवसाचा हिशेब मागितला. किती वाजता उठलात, मग काय केलं, मग काय. लोकांना हे विचित्र वाटतं, पण या एका कागदावर जितकं दिसतं तितकं तासभर रडण्यातूनही कळत नाही. हिशेब असा निघाला: सकाळी साडेसातला चहा पलंगावर. आंघोळ, नाश्ता, मग पाठ टेकायची. बारा वाजता जेवण, त्यानंतर चारपर्यंत पडून. त्यात कधी डोळा लागायचा, कधी मोबाइल. पाचला चहा, रात्री साडेआठला परत चहा, मालिका आणि साडेनऊला अंथरूण. मग बारापर्यंत कूस बदलणं. दीड-दोनला अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घामानं जाग, पंखा वाढवायचा, पांघरूण फेकायचं, पाच मिनिटांनी थंडी वाजून परत ओढायचं. त्यानंतर पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. मी बेरीज केली. चोवीस तासांतले चौदा तास त्या आडव्या होत्या आणि रात्रीची झोप जेमतेम पाच तास.

मालक मोटारसायकलकडे गेले तेव्हा शोभाताईंनी विचारलं, "मॅडम, खरं सांगा. रिपोर्टात येत नाही असं आत काही असतंय का?"

मी म्हटलं, कुठल्याही एका तपासणीनं शंभर टक्के खात्री देता येत नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण परत उलटलेला आजार सहसा नुसता थकवा घेऊन येत नाही. नवीन जागी सतत दुखणारं हाड, न थांबणारा खोकला, चढणारा दम, कारण नसताना उतरणारं वजन, नवी गाठ, जोराची डोकेदुखी यांतलं काही असेल तर तीन महिन्यांची वाट न बघता डॉक्टर गाठायचे. तुमच्यात यातलं काही नाही. आणि तुम्हाला जो थकवा आहे तो कॅन्सरच्या उपचारांनंतर फार जणांना येतो, काहींना महिनोन्‌महिने राहतो. त्याची खूण म्हणजे तो झोपून जात नाही. शेतात राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेनं उतरतो, हा उतरत नाही. उलट पडून राहिलं की स्नायू झिजतात, दम कमी होतो, मग जिना चढणंसुद्धा जड जातं, म्हणून माणूस आणखी पडतो.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यांनी मला जपलं म्हणून मी अशी झाले?"

तसं नव्हतं. किमोच्या दिवसांत ते जपणं गरजेचं होतं. ते थांबवायचं कधी, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर 'विश्रांती घ्या' लिहितात, कधीपर्यंत ते लिहीत नाहीत.

झोपेबद्दल मी त्यांना एकच उदाहरण दिलं. दिवसभर चिवडा, लाडू, केळं असं चरत राहिलं तर रात्री ताटावर बसल्यावर भूक कुठून लागणार? दुपारी तीनदा डोळा लावला की रात्रीच्या झोपेची भूक तशीच मरते. त्यामुळे पहिला बदल झोप वाढवण्याचा नव्हता, पलंगावरचा वेळ कमी करण्याचा होता. सकाळी सहाला उठायचंच, रात्र कशीही गेली असली तरी. रात्री अकराच्या आधी पलंगावर जायचं नाही. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, की घड्याळ न बघता उठायचं, सोप्यात खुर्चीवर मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. दुपारची झोप घ्यायची असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासाची, आणि पलंगावर नाही, सतरंजीवर. गजर लावण्याचं काम नातीकडे. चहा दुपारी तीननंतर बंद. (यावर सगळ्यात जास्त घासाघीस झाली.)

ही काही माझी युक्ती नाही. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हा वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ साली केली. मात्र फिट येणाऱ्यांनी, द्विध्रुवी (बायपोलर) आजार असलेल्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी झोपेची वेळ अशी आवळणं धोक्याचं ठरू शकतं, तिथे डॉक्टरांना विचारूनच. शोभाताई मेडिकलमधून आणलेली झोपेची अर्धी गोळी अधूनमधून घेत होत्या, हेही त्याच वेळी बाहेर आलं. ती त्यांच्या फाइलवर कुठेच नव्हती. डॉक्टरांना कळवून ती हळूहळू बंद केली.

आता चालणं. त्यांच्या घराला लागून बाग. डांबरी रस्त्यावर 'वॉकिंग'ला जायची त्यांना लाज वाटत होती. गावात सकाळी नुसतं चालत सुटलेली बाई म्हणजे लोकांना विषय. म्हणून मी म्हटलं, बागेत चाला. द्राक्षाच्या मांडवाखाली सावली असते, जमीन माहितीची असते, दमल्यावर टेकायला बांध असतो. पहिल्या आठवड्यात एक ओळ जायची, एक यायची, सकाळी आणि संध्याकाळी. श्वास वाढला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. बोलता येईना की वेग कमी करायचा. दर आठवड्याला एखादी ओळ वाढवायची. फवारणी झाली असेल त्या दिवशी बागेत अजिबात पाय ठेवायचा नाही, अंगणात फेऱ्या.

फिजिओथेरपिस्टनं दोन गोष्टी जोडून दिल्या. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत नेण्याचा व्यायाम. त्या हातात पुढे अर्धा लिटरची पाण्याची बाटली. ही बाटली म्हटल्यावर घर एक झालं. "त्या हातानं ओझं उचलायचं नाही, सूज येते," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. पूर्वी तसंच सांगत. पण स्तनाच्या कॅन्सरनंतर हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या बायकांच्या हाताची सूज त्यामुळे वाढली नाही. हळूहळू आणि देखरेखीखाली हे दोन शब्द मात्र सोडायचे नाहीत. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, लाल पडून ताप आला तर थांबून दाखवायचं. बागेत काम करताना हातमोजे घालायचे, कारण त्या हाताला झालेली साधी जखमही चिघळू शकते.

त्यांचा मुलगा बीएस्सी ॲग्री. तो म्हणाला, "मॅडम, व्यायामानं नुसतं बरं वाटतं का खरंच काही होतं?" प्रश्न चांगला होता. त्याला सांगितलं: २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं देशोदेशीचे तज्ज्ञ बसवून मार्गदर्शन काढलं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असं चालणं किंवा तत्सम व्यायाम, असे बारा आठवडे केले तर थकवा, चिंता, उदासपणा कमी होतो, याला भक्कम पुरावा आहे. आणि २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल आला. किमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के लोक पाच वर्षांनी आजारमुक्त होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांमध्ये ७३.९ टक्के. ते आतड्याच्या कॅन्सरचं आहे, तुझ्या आईला तसंच्या तसं लावू नकोस, हेही सांगितलं. आकडे ऐकल्यावर आजीशी भांडायचं काम त्यानं अंगावर घेतलं.

कारण खरा विरोध शोभाताईंच्या सासूबाईंचा होता, आणि तो दुष्टपणाचा नव्हता. "एवढ्या मोठ्या दुखण्यातनं उठलेल्या सुनेला कामाला लावलं म्हणून भावकी शेण घालंल तोंडात." ही भीती शहरातल्या माणसाला हसू आणेल, गावात ती खरी असते. मी त्यांना फोनवर म्हटलं, आजी, हे काम नाही, औषध आहे, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद त्यांनी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवला. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला.

मालकांची गोष्ट वेगळी. रात्री बायको उठून सोप्यात बसली की हे धडपडत मागे येत. विचारल्यावर कळलं की ऑपरेशन झाल्यापासून ते रात्री दोन-तीनदा उठून तिचा श्वास चालू आहे का ते बघत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. घरात एक झोपत नव्हतं असं आम्ही धरून चाललो होतो, प्रत्यक्षात दोघं झोपत नव्हते. त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवला. काळजी करायची बंद करा असं मी म्हटलं नाही, तिच्यासाठी उचलायची कामं बदलून दिली. तांब्या द्यायचा नाही, संध्याकाळच्या ओळी तिच्याबरोबर चालायच्या.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. पलंगावरचा वेळ कमी केल्यावर सुरुवातीला पेंग वाढते, चिडचिड होते. हे आधी सांगितलेलं असूनही त्यांचा फोन आला, "सोडून देऊ का?" लेट्रोझोलमुळे सकाळी सांधे आखडलेले असायचे, पहिली ओळ रडतच व्हायची. चालून झाल्यावर मात्र गुडघे मोकळे होतात, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. रात्रीच्या विचारांसाठी त्यांनी दुधाच्या हिशेबाची वही वापरली. मागच्या पानापासून, संध्याकाळी पाच वाजता, डोक्यात असेल ते लिहायचं. सातवी शिकलेल्या, अक्षर गिरवल्यासारखं. एका पानावर होतं: "सुनेचं बाळंतपण. छाटणीची मजुरी. ममोग्राफी." बाळंतपण आणि मजुरी यांच्यापुढे काय करायचं ते लिहिलेलं, ममोग्राफीपुढे, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीपुढे, नुसती तारीख. त्या तारखेच्या आधीचा आठवडा झोप पूर्ण बिघडली. तशी ती बिघडतेच, जवळजवळ सगळ्यांची. त्या आठवड्यात उठण्याची वेळ तेवढी सांभाळली.

तीन महिन्यांनंतरचं चित्र सांगते, फार रंगवून नाही. झोप साडेपाच ते सहा तास, घामानं जाग अजून येते, पण परत लागते. दिवसाला अर्धा-पाऊण तास चालणं, दोन वेळांत मिळून. थकव्याला दहापैकी किती म्हटलं तर आधी नऊ सांगायच्या, आता चार. भाकरी स्वतः थापतात. बोलताना मधेच शब्द सापडत नाही अशी एक तक्रार होती, ती अजून आहे.

हा सगळा क्रम सरसकट उचलू नये. आजार हाडांत गेला असेल, प्लेटलेट्स कमी असतील, पायांना मुंग्या येऊन तोल जात असेल, हृदयाचा त्रास असेल तर व्यायाम कुठला आणि किती हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. किमो चालू असताना १०० च्या वर ताप चढला तर चालणं-झोप सगळं बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल, रात्री दोनला सुद्धा.

शोभाताईंचं पुढचं म्हणणं असं आहे की बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसायचं. चार-चार तास मान खाली घालून बसणं मला आणि फिजिओथेरपिस्टला दोघांनाही पटलेलं नाही. सध्या एक तास, मग उठून फेरी, यावर तडजोड झाली आहे. गुडघ्यांचं दुखणं राहिलंच तर लेट्रोझोलची गोळी बदलता येते का, हे त्या येत्या तपासणीत डॉक्टरांना विचारणार आहेत. स्वतःहून बंद करणार नाहीत, असं त्यांनी वहीत लिहून दिलं आहे.