स्विफ्ट हँडब्रेकवर धूर काढते, बोलेरो बंद का पडते?

जळगावच्या एका सदस्याचा प्रश्न असा: मित्र स्विफ्टचा हँडब्रेक ओढून जागेवर टायरचा धूर काढतो. घरच्या बोलेरोवर तेच केलं तर इंजिन धडकन बंद पडतं. क्लच गेला का?

भाऊ, बोलेरोत बिघाड नाही. हँडब्रेक दोन्ही गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे तिथे हँडब्रेक नुसती गाडी धरतो. बोलेरोचं इंजिन फिरवतं मागची चाकं, आणि तुम्ही नेमकी तीच बांधून ठेवली. मग क्लच सोडला की इंजिन बंद पडणार, नाहीतर अर्ध्या क्लचवर प्लेट जळणार. असंच करत राहिलात तर मात्र क्लच खरंच जाईल.

बर्नआउटमध्ये, म्हणजे असा जागेवर टायरचा धूर काढताना, फिरणाऱ्या चाकांची पकड सुटावी लागते आणि धरणाऱ्या चाकांची टिकावी लागते. आधी स्विफ्टचा हिशोब बघा. गाडी साधारण 900 किलोची, त्यातलं सुमारे 60 टक्के वजन पुढे. म्हणजे 540 किलो पुढे, 360 मागे. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरच्या पकडीचं माप) 0.9 धरला तर पुढचे टायर सोडवायला 4,760 न्यूटनच्या आसपास जोर लागतो. 1.2 लिटर के-सिरीज इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 113 न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून तो अंदाजे 14 पट होतो. टायरची त्रिज्या 0.29 मीटर धरून आणि गिअरबॉक्समधली घट वजा करून हातात पाच हजार न्यूटनच्या आत-बाहेर उरतात. म्हणजे सगळं काठावरच, आणि तेही इंजिन चार हजार आरपीएमच्या पुढे असेल तर. म्हणून रेस चढवून क्लच एकदम सोडतात. फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाला जोडलेल्या जड चाकात) साठलेली ताकद पकड तोडते, आणि एकदा टायर घसरला की घर्षण घटतं, पुढचं काम इंजिन ओढून नेतं. दुसऱ्या गिअरला हे होणार नाही.

आता मागची बाजू. घसरणाऱ्या पुढच्या टायरचा घर्षणांक 0.7 धरला तरी ते गाडीला 3,700 न्यूटनने पुढे ओढतात. मागचे लॉक झालेले टायर धरू शकतात जेमतेम 3,175. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी जागेवर राहत नाही, मागची चाकं फरफटतात आणि टायरवर सपाट डाग पडतो. नंतर साठच्या वेगाला जी धडधड जाणवते ती त्याचीच. फक्त पुढच्या टायरखाली पाणी असेल तरच हिशोब जुळतो.

बोलेरोसारख्या गाडीत काम पायाच्या ब्रेकवर चालतं. क्लच सोडताच डावा पाय ब्रेकवर जातो, उजवा रेसवर राहतो. ब्रेक चारही चाकांना लागतो, पण पुढचे ब्रेक जास्त ताकदीचे असतात. बऱ्याच पिकअपमध्ये तर गाडी रिकामी असताना मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्हच असतो. त्यामुळे इंजिन मागच्या ब्रेकवर मात करून चाक फिरवू शकतं. मात्र तेवढा वेळ मागचे लायनर ड्रमवर घासत राहतात, आणि थोड्याच वेळात ड्रम इतका तापतो की खरा ब्रेक मारायच्या वेळी मागची पकड ढिली मिळते. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांना यासाठी लाइन-लॉक बसवतात. हा पुढच्या ब्रेकच्या लाइनमधला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, तो पुढचा दाब अडकवून ठेवतो आणि मागची चाकं पूर्ण मोकळी राहतात. तिथे बर्नआउटला कारणही आहे: स्लिक (नक्षी नसलेले) टायर तापवून, त्यावरचा कचरा काढून पकड वाढवणे. आपल्या रोजच्या टायरला त्याचा फायदा नाही.

सगळ्यात जास्त मार डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) खातं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये बहुतेक वेळा एकच चाक फिरतं, दुसरं उभं असतं. तेव्हा फिरणारं चाक काट्याच्या दुप्पट वेगात असतं. गिअरबॉक्सवरून चालणारा काटा 60 दाखवत असेल तर ते चाक 120 ने फिरतंय. आतल्या छोट्या पिनियन (दातेरी चाकं) एरवी वळणावर हळू फिरण्यासाठी असतात. या वेगात त्यांच्या शाफ्टवरचं तेल टिकत नाही आणि त्या जाम होतात. टायर अडखळत पकडू-सोडू लागला तर पाटे पिळतात, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. स्विफ्टमध्ये तोच झटका इंजिन माउंटिंग आणि एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर येतो, स्टिअरिंग वळलेलं असेल तर आणखी वाईट. एएमटी किंवा सीव्हीटी अशा क्लच पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीवर हा प्रयोग अजिबात नको.

आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर असताना उभ्या गाडीच्या रेडिएटरला फॅनशिवाय दुसरी हवा नसते. तापलेल्या टायरच्या आतले थर सुटले तर तो फुटतो आणि तुकडे शेजारी उभ्या पोरांच्या अंगावर जातात. महामार्गावर किंवा कॉलनीच्या रस्त्यावर केलंत तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 लागू शकतं. माझं स्पष्ट मत, घरच्या बोलेरोवर हे करूच नका.

हँडब्रेकचा खरा उपयोग तुम्हाला पावसाळ्यात होईल. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात काळ्या मातीत पिकअप रुतते, एक मागचं चाक गरगर फिरतं, दुसरं हलत नाही. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये हलकी रेस ठेवून हँडब्रेक दोन-तीन दात ओढा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा आला की डिफरन्शियल उभ्या चाकालाही तेवढाच जादा जोर देतं, आणि गाडी कधीकधी निघते. काटा 55 च्या वर जाऊ देऊ नका, चाकामागे कुणाला उभं करू नका. स्विफ्ट रुतली तर हँडब्रेक कामाचा नाही, तिथे डाव्या पायाने ब्रेक हलका दाबायचा.