बाळंतपणानंतर बायको सारखी रडते, बाळाला जवळ घेत नाही. मानसोपचार डॉक्टरकडे नेऊ का? गोळ्या चालू केल्या तर दूध तोडावं लागेल का?

दादा, तुम्ही लिहिलंय की बाळ चाळीस दिवसांचं झालं, बायको माहेरी लातूरला आहे आणि तुम्ही पुण्यात, फोन केला की ती रडते नाहीतर गप्प बसते, बाळ रडलं तरी आईच्याच हातात देते, तुमची आई म्हणते नाटकं आहेत आणि सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. आधी सरळ उत्तर देते. हो, न्या, याच आठवड्यात न्या, आणि दूध बहुतेक वेळा तोडावं लागत नाही. आता जरा सविस्तर सांगते कारण मी यातून गेलेय, माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, हार्मोन एकदम खाली येतात, त्यात झोप नाही, टाके दुखत असतात, पण ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातं. चाळीस दिवस झाले तरी जात नाहीये म्हणजे हे ते नाही. हे नैराश्य असू शकतं, आणि तो आजार आहे, जसा बाळंतपणात बीपी वाढतो किंवा रक्त कमी होतं तसाच.

माझं सांगते. खरं तर सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू झालं होतं, डोहाळजेवणाच्या फोटोत मी हसतेय पण त्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये अर्धा तास रडले होते आणि का ते मलाच कळत नव्हतं. डिलिव्हरी नॉर्मल, मुलगा झाला, दोन्ही घरचे खूश, त्यामुळे तर बोलायची सोयच नव्हती, सगळं छान असताना तुला कसलं दुःख असंच सगळ्यांच्या तोंडी. ओल्या बाळंतिणीनं रडू नये, डोळे खराब होतात, दूध आटतं, हे तर रोज ऐकायचे. आईनं दोन वेळा मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, काढा, धुरी, शरीराचं एवढं केलं तिनं की मी तिला नावं ठेवूच शकत नाही, पण तुला आतून कसं वाटतंय हे विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण तुमची बायको बाळ का घेत नाही याचं कारण कदाचित हेच असेल. आमच्याकडे मालिशवाली मावशी यायच्या, न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर पालथं टाकून अंघोळ घालायच्या, शेजारी बादलीत कढत पाणी असायचं, वाफ यायची. सगळे बघायला गोळा व्हायचे आणि मी खोलीत जाऊन दाराला कडी लावायचे. आईला वाटायचं पोरीला बाळाचं काही पडलेलंच नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र यायचं की माझ्या हातून बाळ निसटलं आणि त्या बादलीत पडलं, दिवसातून पन्नास वेळा तेच चित्र, मी त्याला घ्यायला घाबरायचे कारण मला वाटायचं असं मनात येतंय म्हणजे मी राक्षसीण आहे. हे कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील असं वाटायचं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की असे नको ते विचार खूप आयांना येतात, आणि जिला त्यांची एवढी भीती वाटते ती बाळाला जपतच असते, दार लावून मी त्याला जपतच होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले.

कळलं कसं तर सहाव्या आठवड्यात टाके दाखवायला गेले होते, तिथल्या मॅडमनी जाता जाता विचारलं, बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का गं? बस एवढंच. मला लागत नव्हती, बाळ चार तास झोपलं तरी मी पंख्याकडे बघत पडून असायचे. दादा, तुम्ही पण तिला हाच प्रश्न विचारा. तू खूश आहेस ना असं विचारू नका, त्याला सगळ्याजणी हो म्हणतात.

मॅडमनी मग एक कागद दिला, दहा प्रश्नांचा, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्यावर खुणा करायच्या. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून जगभर वापरतात, मराठीतही आहे. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचे विचार येतात का असा आहे. तो तुम्हीही तिला स्पष्ट विचारा, घाबरू नका, विचारल्यानं डोक्यात नसलेलं काही येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं.

हे हल्लीच्या पोरींचं फॅड आहे असं तुमची आई म्हणत असेल तर त्यांना सांगा, गोव्यात जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास झालेला आहे, २००२ मध्ये छापून आला, सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. म्हणजे चारपाच जणींत एक. पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, याच्याशी त्याचा संबंध दिसला. पण माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं तरी झालं, म्हणून तिला काय कमी आहे हा प्रश्नच सोडून द्या.

गोळ्यांचं म्हणाल तर मला सरट्रालिन ही नैराश्यावरची गोळी दिली होती. दूध पाजणाऱ्या आयांना ती बऱ्याचदा देतात कारण दुधात फार थोडी उतरते, मी पूर्ण वेळ अंगावर पाजलं. पण नाव वाचून मेडिकलमधून आणू नका, तिला काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील, आणि आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडला तरी असंच गळून गेल्यासारखं होतं. पहिला आठवडा मला मळमळलं, फरक पडायला तीन आठवडे लागले, आणि बरं वाटायला लागल्यावर मनानं गोळी बंद करायची नसते, माझी हळूहळू कमी करत आणली. सोबत समुपदेशन पण होतं, आणि गोळीइतकाच फायदा झोपेचा झाला, रात्रीचं एक दूध मी आधी काढून ठेवायचे आणि ते आई पाजायची, मला सलग पाच तास मिळायचे.

एक मात्र थांबून चालणार नाही. ती असंबद्ध बोलायला लागली, दोन दोन रात्री झोपच नाही तरी अंगात जोर, कानात आवाज येतात म्हणाली, बाळात काही वाईट शिरलंय असं तिला पक्कं वाटायला लागलं किंवा मरायचं म्हणाली तर त्याच दिवशी दवाखाना, १०८ ला फोन करा, तोपर्यंत तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. हजारात एक-दोघींनाच होतं हे, पण होतं, आणि ते बाहेरचं लागणं नाही, त्यात अंगाऱ्यात दिवस घालवू नका. ॲडमिट करावं लागलं तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की तीन वर्षांखालच्या बाळाला शक्यतो आईपासून तोडायचं नाही, हे तिला सांगा, तिची अर्धी भीती जाईल. लातूरला डॉक्टर कुठला बघायचा कळेना तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण उचलतात.

आणि फोनवर समजावणं बंद करा दादा, सुट्टी टाका आणि जा. माझा नवरा आला तेव्हा बाळाचे कपडे, खेळणी काही आणलं नव्हतं त्यानं, आला, पाय धुतले, बाळाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला तू झोप, मी इथंच बसलोय. मी तरी झोपले नाहीच, पण पडल्या पडल्या त्याला सगळं सांगितलं, बादलीचं पण.