ऑस्ट्रेलियातील गॉसेस ब्लफ हे आघात-विवर, म्हणजे अवकाशातून काहीतरी आदळून झालेले विवर, असेल, तर तिथे खड्ड्याऐवजी डोंगर का दिसतात?

प्रश्न रास्त आहे. लोणार पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे विवर म्हटले की खड्डाच येतो. गॉसेस ब्लफला मात्र, मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज या शहराच्या पश्चिमेस सुमारे १७५ किलोमीटरवर, सपाट रखरखीत माळावर वालुकाश्माच्या टेकड्यांचे जवळपास पाच किलोमीटर व्यासाचे वर्तुळ उभे आहे. पुष्कळ जण त्यालाच विवराचा काठ समजतात आणि घोटाळा तिथेच होतो. तो विवराच्या मध्यभागाचा उरलेला बुंधा आहे.

सुमारे १४ कोटी २० लाख वर्षांपूर्वी तिथे अशनी किंवा धूमकेतू आदळला आणि सुमारे २२ किलोमीटर रुंदीचे विवर तयार झाले. लोणारसारखे जेमतेम दोन किलोमीटरचे विवर साध्या वाटीच्या आकाराचे राहते. पण आघात एवढा मोठा असला, की तळाचा खडक आधी दाबला जातो आणि दाब सुटताच काही मिनिटांत मध्यभागी उसळून वर येतो. त्या उसळीत खोलवरचे आडवे थर जवळजवळ उभे झाले. पुढे सुमारे दोन किलोमीटर जाडीचा खडक झिजून गेला आणि त्याबरोबर खरा काठ व उडालेला मलबाही नाहीसा झाला. मधला कठीण वालुकाश्म तेवढा टिकला. विवराचा मूळ विस्तार जमिनीवर उभे राहून जाणवत नाही, उपग्रहचित्रात मात्र त्याचे फिकट कडे दिसते.

अर्नेस्ट जाइल्स या शोधप्रवाशाने १८७२ च्या सुमारास हे इंग्रजी नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी पश्चिम अरेर्न्ते लोक या जागेला ट्नोराला म्हणत आले आहेत. आकाशगंगेत नाचणाऱ्या तारका-स्त्रियांपैकी एकीच्या बाळाचे लाकडी पाळणेवजा भांडे खाली पडले आणि त्याने हे खडक वर उचलले, अशी त्यांची कथा आहे. भूशास्त्राशी तिचा इतका मेळ बसावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

हे ज्वालामुखीचे काम नाही हे कशावरून, असे तुम्ही पुढे विचारालच. तिथल्या खडकात शंकूच्या आकाराचे तडे आढळतात, ज्यांच्या अंगावर टोकापासून खाली पसरत जाणाऱ्या बारीक रेषा असतात. त्यांना शॅटर कोन म्हणतात. कलंडलेले थर कल्पनेने पुन्हा आडवे केले, की या शंकूंची टोके वर आणि विवराच्या केंद्राकडे वळलेली आढळतात, म्हणजे धक्का वरून, मध्यावरच आला होता. ज्वालामुखीच्या उद्रेकात अशा धक्क्याइतका दाब निर्माण होत नाही.