बोआ सापाची जोडी लावण्याआधी आणि पिल्लं आल्यावर

माझी बोआ मादी अडीच वर्षांची आहे, पाच फुटांची, चांगली गुटगुटीत. नरही तयार दिसतो. या हंगामात जोडी लावू का?

नको. भराभर उंदीर चारून वाढवलेल्या मादीच्या अंगावर चरबी चढते, ताकद तेवढी येत नाही. गाभणपणाचे कित्येक महिने ती जवळजवळ उपाशी काढते, त्यासाठी अंगात खरा दम लागतो. मादी साधारण चार वर्षांची आणि सहा फुटांच्या आसपास झाली, हाताला स्नायू घट्ट लागले, की विचार करा. नराच्या बाबतीत एवढी सबुरी लागत नाही. दोन वर्षांचा, लहानखुरा पण चपळ नर उत्तम. लठ्ठ नर बहुधा कोपऱ्यात पडून राहतो.

थांबायचंच आहे तर दोघांचं रक्त तपासून घ्या. इन्क्लूजन बॉडी डिसीज हा रेप्टअरीनाव्हायरस नावाच्या विषाणूमुळे होणारा आजार बोआ वर्षानुवर्षं काहीही न दाखवता अंगावर बाळगू शकतो. त्यावर इलाज नाही आणि तो आईकडून पिल्लांत उतरतो. एवढ्या एका चाचणीचा कंटाळा करून जोडी लावणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

दोघं शेपट्या गुंफून पडलेली दोनदा दिसली. मादी गाभण आहे हे कसं ओळखायचं? तारीख कुठून मोजायची?

मिलन झालं म्हणजे मादी गाभण राहिलीच असं नाही. ती नराचं बीज बरेच दिवस साठवून ठेवते आणि तिची अंडी नंतर सुटतात. त्या वेळी शरीराच्या मधल्या भागात ठळक फुगवटा येतो, नुकतीच मोठी शिकार गिळल्यासारखा. तो साधारण दिवसभरच टिकतो, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. निसटला तरी बिघडत नाही, कारण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मादी कात टाकते. ती तारीख वहीत लिहा. तिथून साधारण १०० ते १२० दिवसांनी ती विते. मिलनाच्या तारखेवरून मोजणारे उगाच महिनाभर आधीपासून टबाशी जागरण करतात.

मधल्या काळात ती गरम कोपरा सोडत नाही, कधी कुशीवर तर कधी पोट वर करून पडते, खाणं टाळते. हे सगळं ठीक आहे. गरम बाजू ३१-३२ अंशांवर ठेवा, थंड बाजूही असू द्या म्हणजे ती आपल्या सोयीने हलेल. पोट चाचपून पिल्लं मोजायचा मोह मात्र आवरा.

काल रात्री मादी व्याली. १९ पिल्लं आहेत, शिवाय पाच-सहा पिवळे गोळे. एक पिल्लू अजून पातळ पिशवीत आहे आणि दोघांच्या पोटाला बलक लोंबतोय. काय करू?

आधी पिशवीतल्या पिल्लाकडे बघा. बोआची अंडी आईच्या पोटातच वाढतात आणि पिल्लं पारदर्शक पडद्यात गुंडाळलेली बाहेर येतात. बहुतेक पिल्लं नाकाने तो पडदा फाडतात. एखादं आत हलत असेल पण बाहेर पडत नसेल, तर ओल्या बोटाने तोंडाजवळचाच पडदा अलगद उघडा. नाक मोकळं झालं की बाकीचं काम त्याचं त्याला करू द्या.

बलक लोंबत असेल तर ओढू नका, कापू नका, दोऱ्याने बांधूही नका. त्या दोघांना वेगवेगळ्या छोट्या डब्यांत, ओल्या पेपर टॉवेलवर ठेवा. कोरडा कागद किंवा भुसा त्याला चिकटतो आणि पिल्लू सरकलं की नाळेला ताण बसतो. एक-दोन दिवसांत बलक आत तरी ओढला जातो किंवा वाळून आपोआप गळतो.

पिवळे गोळे म्हणजे न फळलेली अंडी. ती काढून टाका. थोडीफार असणं नेहमीचंच आहे. बोआ पिल्लांना सांभाळत नाही, त्यामुळे त्यांना लगेच हलवलं तरी आईला त्याचं काही नसतं. मादीच्या पोटावरून एकदा हलक्या हाताने बोटं फिरवा. दोन दिवसांनंतरही टणक गाठ लागत असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. पहिलं खाणं नेहमीपेक्षा लहान द्या, आणि पुढचं वर्ष तिला मोकळं सोडा.

पिल्लं आठ दिवसांची झाली, एकही खात नाही. एकाने तर गिळलेलं बाहेर टाकलं.

पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, पोटातल्या बलकावर जगतात. तुम्ही घाई केलीत. कात पडल्यावर अंगात न मावणाऱ्या आकाराचा नव्हे, पिल्लाच्या सर्वांत जाड भागाएवढाच उंदीर द्या. वितळवून कोमट केलेला, संध्याकाळी, आणि मग खोलीतून निघून जा. ज्याने बाहेर टाकलं त्याला दोन आठवडे काहीही देऊ नका, फक्त पाणी. नंतर निम्म्या आकाराचं. लगेच पुन्हा चारलं तर पुन्हा बाहेर येतं, आणि एवढ्याशा पिल्लाला ते झेपत नाही. प्रत्येकाचा डबा वेगळा हवा, हे सांगायला नकोच.

दोन अल्बिनो (अंगात काळा रंग नसलेल्या) बोआंची जोडी लावली, सगळी पिल्लं साध्या रंगाची. मला फसवलं का?

बहुतेक नाही. बोआत 'काह्ल' आणि 'शार्प' असे दोन अल्बिनो प्रकार आहेत आणि त्यांची जनुकं वेगळी, म्हणून दोघांच्या जोडीतून अल्बिनो पिल्लू होत नाही. तुमच्याकडे बहुधा एकेक आहे. पिल्लं दिसायला साधी, पण दोन्ही गुण वाहणारी. देताना हे स्पष्ट सांगा.

सात-आठ पिल्लांना घर मिळालं नाही. हवामान मानवण्यासारखं आहे, जवळच्या जंगलात सोडली तर?

अजिबात नाही. कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर १९९९ मध्ये पहिला बोआ सापडला. मूळचा तिथला नव्हता, माणसाबरोबरच पोहोचलेला. आज तो बेटभर पसरलाय, स्थानिक पक्षी आणि सरडे खातो आणि सरकारी पथकांना आवरत नाही. पंचवीस-तीस पिल्लांचं वेत बोआला नवं नाही, म्हणून जोडी लावण्याआधीच घरं शोधायला हवी होती. आता उरलेली स्वतःकडे ठेवा किंवा अनुभवी पाळणाऱ्याला द्या. ठेवणार असाल तर नर-मादी ओळखून घ्या. भावंडांत नर दीड-दोन वर्षांत वयात येतात.

माझी मादी कधीच नराजवळ गेलेली नाही, तरी तिला चार पिल्लं झाली. हे शक्य आहे?

आहे. नर नसताना झालेल्या पिल्लांची नोंद संशोधक वॉरेन बूथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. एका मादीच्या दोन वेतांत २२ पिल्लं होती आणि सगळ्या माद्याच. पुढे २०१७ मध्ये बोआत लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात एक्सवाय आणि मादीत एक्सएक्स असतात हे समोर आलं, तेव्हा फक्त माद्या का, तेही उलगडलं: एकट्या आईकडे द्यायला एक्सच असतो. तुमच्या चौघांत एक जरी नर निघाला, तर ती तुमच्याकडे येण्याआधी कुणाबरोबर होती याची चौकशी करा.