पोटगीसाठी वकिलाला दिलेली फी इन्कम टॅक्समधून वजा होते का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: पगार महिना ३८,०००, कोर्टाने अंतरिम पोटगी महिना १८,००० लावली आहे, घटस्फोटाचा दावा अजून चालू आहे, एकरकमी देऊन मोकळं व्हायची बोलणी समोरून सुरू झाली आहेत आणि आतापर्यंत वकिलांना २,१०,००० रुपये गेलेत. टोरांटोच्या तुमच्या ताईंनी अशीच फी त्यांच्या रिटर्नमध्ये वजा करून घेतली, तर तुम्हालाही ती करता येईल का?

नाही येणार. आणि तुमचे आकडे बघता त्यासाठी जीव टाकायचं कारणही नाही.

मी सीए नाही आणि वकीलही नाही. हडपसरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात साडेचार वर्षं तारखा केल्यात, एवढीच माझी पात्रता.

ताई खोटं सांगत नाहीयेत. कॅनडात ज्याला पोटगी मिळते त्याला ती सुरू करून घेण्यासाठी, थकलेली वसूल करण्यासाठी किंवा वाढवून घेण्यासाठी केलेला वकिलाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. तिकडचा विचार असा, की पोटगीचा हक्क कायद्याने आधीपासूनच आहे, वकील फक्त त्या हक्काचे पैसे हातात पाडून देतो. पण तिथेही सगळं बिल वजा होत नाही. घटस्फोट मिळवण्याची किंवा मुलांचा ताबा आणि भेटी ठरवून घेण्याची फी त्यात बसत नाही. पोटगी देणाऱ्याला तर भांडण्याचा खर्च अजिबात वजा करता येत नाही. त्यामुळे ताईंना त्यांच्या वकिलाने बिल फोडून दिलं असणार, पोटगीचं वेगळं आणि घटस्फोटाचं वेगळं. विचारून बघा.

आपल्याकडे कुणीतरी हुशार माणूस प्राप्तिकर कायद्याचं कलम ५७ दाखवतो. त्यात लिहिलंय की ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ मिळवण्यासाठी पूर्णपणे आणि केवळ त्याच कारणाने केलेला, भांडवली नसलेला खर्च वजा होतो. मासिक पोटगी याच सदरात दाखवायची असते, मग वकिलाची फी का नाही? मलाही हे पटलं होतं. माझं रिटर्न भरणाऱ्या गृहस्थांनी १,४०,००० रुपये तिथे टाकूनही दिले, वर “कोण बघतंय मॅडम” म्हणाले. पुढे ऑफिसच्या ओळखीतून एका सीए काकांकडे गेले. त्यांनी ती ओळ बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, “कलम ५७ वाचलंत, मग ५८ का नाही वाचलं?” कलम ५८ म्हणतं की स्वतःचा वैयक्तिक खर्च या सदरात वजा होणार नाही. नवराबायकोचा खटला वैयक्तिक नाही असं अधिकाऱ्याला पटवून देणं काकांच्या मते अशक्यच होतं, आणि माझ्या दाव्यात घटस्फोट, ताबा, स्त्रीधन सगळं एकाच वकीलपत्रावर. त्यातली पोटगीची फी किती, हे खुद्द वकिलांनाही सांगता आलं नसतं. डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं. जुनी करप्रणाली, २० टक्क्यांचा टप्पा, त्यामुळे २९,१२० रुपये कर आणि वर व्याज.

अजून एक चकवा आहे. रिटर्नमध्ये ‘फॅमिली पेन्शन’ असा रकाना दिसतो आणि त्यावर वजावटही मिळते. पोटगी तिथे टाकू नका. ती सवलत वारलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनसाठी आहे.

आता तुमचा हिशोब. वर्षाचा पगार ४,५६,०००, त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट, राहिले ३,८१,०००. पोटगीचे २,१६,००० मिळवले की ५,९७,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे २,१०,००० वजा झाले असते तरी तुमचा एक रुपयासुद्धा वाचला नसता! रिटर्न मात्र भरा, आणि पोटगी त्यात दाखवा. ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ते भरावंच लागतं. (१ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी इथे सगळे क्रमांक १९६१च्या कायद्याचे दिलेत.)

खरा प्रश्न तुमच्या एकरकमी बोलण्यांत आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. प्रिन्सेस महेश्वरी देवी ऑफ प्रतापगढ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या (निकालाचा संदर्भ: १४७ आयटीआर २५८): महिन्याला नियमित येणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न, आणि एकदाच मिळालेली रक्कम भांडवली, तिच्यावर कर नाही. त्यात न्यायालयाने हेही पाहिलं होतं की ती रक्कम आधी ठरलेल्या मासिक पोटगीच्या बदल्यात दिलेली नव्हती. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींमध्ये, काय शब्द पडतात याला महत्त्व आहे. “कायमस्वरूपी पोटगीपोटी एकरकमी” असं स्वच्छ लिहून घ्या. “पुढील दहा वर्षांच्या मासिक पोटगीचे एकत्रित” असली वाक्यं घालू देऊ नका. सही करायच्या आधी तो कागद सीएला दाखवा, वकिलाला कराचं सगळं ठाऊक असतंच असं नाही. बँकेत ठेवल्यावर त्या रकमेचं व्याज मात्र करपात्र.

समोरचे वकील बहुधा म्हणतील, “साहेबांना पोटगीवर टॅक्सची सवलत मिळत नाही, म्हणून आकडा कमी धरा.” सवलत मिळत नाही हे खरंच आहे. सीतलदास तीरथदास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगितलं की हुकूमनाम्याप्रमाणे बायकोमुलांना दिलेले पैसे म्हणजे आधी हातात आलेल्या उत्पन्नाचा विनियोग, ते उत्पन्नातून वजा होत नाहीत. पण ती अडचण त्यांची. तुमचा आकडा त्यामुळे का उतरावा?

माझं मत विचाराल तर एकरकमी घ्या. करापेक्षाही मोठं कारण म्हणजे मासिक पोटगी थकली की वसुलीची दरखास्त, दरखास्त म्हणजे पुन्हा वकील, आणि पुन्हा फी. माझ्या दोन दरखास्ती झाल्या.

राहिले ते २,१०,०००. ते इन्कम टॅक्सकडे मागू नका, नवऱ्याकडे मागा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये दावा चालू असतानाच्या पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो, आणि ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्यालाच तो मिळतो. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा असंही त्यात म्हटलंय. (शक्यतो!) अर्जात खर्चाचा आकडा आपले वकील ठोकळ लिहितात, ५,००० किंवा १०,०००, कारण मागणीला जोडायला कागद नसतात. तुमच्या अर्जात काय लिहिलंय ते आधी वाचा. दावा अजून चालू आहे, त्यामुळे आधी मागितला नसेल तर आता मागा. नाहीतर तडजोडीच्या आकड्यात धरून घ्या.

इथून पुढच्या खर्चाला लगाम घालायचा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. १९८७च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तुमचा पगार आडवा येत नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करा, नाहीतर पुढच्या तारखेला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या त्यांच्या ऑफिसात डोकावून या.

पण सगळ्यात आधी वकिलांकडून पावत्या घ्या, तारखेसकट, कशाची फी ते लिहून. माझे पहिले ४०,००० चेंबरमध्ये पाकिटातून रोख गेले. कोर्टाने खर्चाचा पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त एटीएममधून पैसे काढल्याचा मेसेज होता.