गणेश चतुर्थीचा भाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासातून काय शिकलीस, हे कोणी न सांगता लिहून काढलंस, फार बरं वाटलं. पण "जगात नीती नसते, फक्त राष्ट्रहित असतं" या वाक्यापाशी मी अडलो. राष्ट्रहित म्हणजे कोणाचं हित, हे तू विचारलेलंच नाहीस.

मागचा, २०२५ चा ऑगस्ट आठव. आपण रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं जादा कर लावला आणि आपल्या बऱ्याचशा मालावरचा कर ५० टक्क्यांवर गेला. तो लागू झाला २७ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, म्हणजे आपल्याकडे खानदेशात कापूस खरेदीच्या मुहूर्ताचा दिवस! त्याच्या आठवडाभर आधी केंद्र सरकारनं कापडउद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं होतं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. इकडे पूर्वहंगामी कापसाची बोंडं भरत आलेली. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड कारखानदाराला दिलासा मिळाला आणि तुझ्या वडिलांना भाव पडायची धास्ती. यातलं राष्ट्र कोणतं? मला विचारशील तर दोन्ही. म्हणूनच तो शब्द लिहिताना हात थोडा थांबायला हवा.

आपल्या भागाला हे नवं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना पडल्या आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. त्या युद्धानं अमेरिकेतली गुलामगिरी संपवली, केवढी मोठी गोष्ट! इथल्या शेतकऱ्याच्या घरी मात्र ती मंदी होऊन आली. या दोन्ही गोष्टी तुला एकदम मनात धरता आल्या, तर तुझी दोन वर्षं कारणी लागली असं मी म्हणेन.

दुबळ्या देशांचं काही चालत नाही, असंही तू लिहितेस. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाचा प्रश्न मांडला. अनुदानं संपली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तो प्रश्न तिथून कोणाला हटवताही आलेला नाही.

आता एक कर. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ ला झालेल्या ठरावाचे आकडे तुला पाठ असतील: बाजूनं १४१, विरोधात ५, तटस्थ ३५, आणि त्या ३५ मध्ये भारत. आकडे बाजूला ठेव आणि त्या दिवशीचं भारताचं निवेदन वाच. त्यात युक्रेनमधल्या खारकीवमध्ये अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप वाट द्या, अशी मागणी आहे. तुझ्याच वयाची पोरं होती ती.

यंदा गणपतीला घरी येशील तेव्हा वडिलांसोबत मुहूर्ताला जिनिंगवर जा. वजनकाट्याजवळ उभी राहा, भाव काय फुटतो ते ऐक, आणि मला कळव.

तुझा,
सर